बत्तिशीचा ताळेबंद

नोव्हेंबर आला की बँकेत हयातीच्या दाखल्यांची गर्दी व्हायची. पेन्शनर मंडळी सकाळी दहाच्या आधीच शाखेच्या पायऱ्यांवर येऊन बसत. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा साहेबासमोर येऊन, सही करून सांगायचं, अशी ती पद्धत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा नवा अधिकारी होतो. तिथं एक निवृत्त गुरुजी यायचे. धोतर, कोट, टोपी आणि हातात रुमालाची लहानशी पुरचुंडी. माझ्या टेबलाशी आले की ते पाठ फिरवत, पुरचुंडी सोडत, आतली कवळी तोंडात बसवत आणि मग वळून नमस्कार करत. काम झालं की पुन्हा पाठ फिरवून कवळी रुमालात.

एकदा मी न राहवून विचारलं, "गुरुजी, कायमचीच का नाही घालून ठेवत?"

"टोचते हो," ते म्हणाले. "जेवताना काढतो, बोलताना घालतो. चाळीस वर्षं पोरांना दंत्य वर्ण शिकवले. त, थ, द, ध, न. आता हिच्यावाचून मलाच ते म्हणता येत नाहीत. साहेबासमोर 'हयात आहे' म्हणायचं तर त धड उमटायला नको?"

मी हसलो होतो. बत्तीसच्या बत्तीस जागेवर असलेल्या माणसाला हसायला काय जातं!

आज सदुसष्टाव्या वर्षी माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दोन दाढा टायटॅनियमच्या खुंट्यांवर उभ्या आहेत. डॉक्टरांच्या पाटीवर 'दंतरोपण' असं भारदस्त लिहिलेलं असतं. बोलताना सगळे 'इम्प्लांट'च म्हणतात. त्या दोन दाढांच्या निमित्तानं मला जे कळलं ते सांगायचं आहे. काही हाडांविषयी, काही पैशांविषयी आणि काही आमच्या घराविषयी.

पहिली दाढ गेली ती १९८९ साली. रात्रभर ठणका लागला होता, गाल वांग्यासारखा सुजला होता आणि शाखेत हिशेबतपासणीची मंडळी येऊन बसलेली. गावात दाताचा डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचा. त्यानं स्वच्छ सांगितलं : काढायची तर आत्ता, दहा मिनिटांत, चाळीस रुपये. वाचवायची तर सांगलीला चार खेपा आणि दीडेकशे रुपये. रजा मिळणार नव्हती. दाढ काढली, कापसाचा बोळा दाताखाली धरला आणि अडीच वाजता मी पुन्हा टेबलावर हजर. वरिष्ठांनी कौतुक केलं. तेहतीस वर्षांनी त्या कौतुकाचं व्याज भरावं लागलं.

कारण दाढ गेली म्हणजे नुसती एक जागा रिकामी होते, असं नाही. शेजारची दाढ त्या खिंडारात कलते. समोरची, म्हणजे वरच्या जबड्यातली दाढ, टेकायला काही उरलं नाही म्हणून हळूहळू खाली उतरते. कललेल्या दाढेच्या बेचक्यात अन्न साचतं, ती किडते. माझी कललेली दाढ २००३ साली रूट कॅनॉल करून, वर टोपी घालून वाचवली होती. २०१९च्या दिवाळीत एका कडबोळ्यानं तिचा निकाल लावला. उभी चिरली ती थेट मुळापर्यंत. म्हणजे एका बाजूला सलग दोन दाढांचं मैदान. मग टाळेबंदी आली आणि सगळंच लांबलं.

तरी या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हिरडीच्या आत घडत असते. जबड्याचं जे हाड दात धरून ठेवतं, ते दातासाठीच असतं. चावताना दातावरून जो दाब हाडापर्यंत पोचतो, त्यावर ते जगतं. दात गेला की शरीराला वाटतं, आता याचं काय काम? मग ते हाड विरघळायला लागतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढची घट मंद असते, पण थांबत नाही. म्हाताऱ्या माणसांचं नाक-हनुवटी जवळ येतं, गाल आत जातात, पंधरा वर्षांपूर्वी घट्ट बसलेली कवळी बोलताना खुळखुळायला लागते, ते यामुळं. आमच्या आजीच्या तोंडाचं पार बोळकं झालं होतं आणि ती पितळी खलबत्त्यात विडा कुटून खायची. आम्हा नातवंडांना तो खलबत्त्याचा टणटण आवाज म्हणजे दुपार झाल्याची खूण वाटायची. तिला कोणी कवळी करून दिली नाही. म्हातारपणी दात जायचेच, अशी समजूत. खरं तर दात म्हातारपणानं जात नाहीत. किडीनं जातात, हिरड्यांच्या रोगानं जातात, आणि आपल्याकडं तंबाखू-मिश्रीनं जातात.

गेलेल्या दाताच्या जागी काहीतरी बसवावं, ही माणसाची खटपट मात्र फार जुनी. १९३१ साली होंडुरासमध्ये माया लोकांचा एक जबडा उत्खननात सापडला, सुमारे १,४०० वर्षांपूर्वीचा. त्यात खालच्या तीन पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे, दातासारखे घासलेले तुकडे बसवलेले होते. १९७०मध्ये त्याची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा तुकड्यांभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे ते प्रेताला शोभेसाठी लावलेले नव्हते, जिवंत माणसाच्या तोंडात बसवलेले होते. पुढं युरोप-अमेरिकेत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मेलेल्या माणसांचे दात असं सगळं वापरून झालं. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही नुसती दंतकथा. ती पाणघोड्याच्या दाताची, माणसांच्या दातांची आणि स्प्रिंगांची होती. १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपसून विकले गेले आणि श्रीमंत म्हाताऱ्यांच्या तोंडात जाऊन बसले. आपल्याकडं दातांचं रीतसर शिक्षण १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केलं. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी आइस्क्रीम-सोड्याचं दुकान काढून उभा केला. दातांच्या दवाखान्याला आइस्क्रीमचं भांडवल, यापेक्षा पक्का व्यवसाय-आराखडा मी तीन दशकांत कर्ज मंजूर करताना पाहिला नाही.

पण इम्प्लांटची खरी गोष्ट दाताच्या डॉक्टरापासून सुरूच होत नाही. ती सशापासून सुरू होते.

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड गावी पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा एक तरुण संशोधक हाडातलं रक्ताभिसरण पाहत होता. दातांशी त्याचा काही संबंध नव्हता. जिवंत हाडात रक्त कसं वाहतं ते सूक्ष्मदर्शकातून दिसावं म्हणून त्यानं सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक, भिंग असलेली नळी बसवली. काही महिन्यांनी प्रयोग संपला. नळ्या महाग, पुन्हा वापरायच्या होत्या. काढायला गेला तर निघेनात. हाडानं धातूला असं धरलं होतं की धातू काढायचा तर हाड फोडावं लागलं असतं.

दुसरा एखादा असता तर नळ्या वाया गेल्या म्हणून चरफडला असता. ब्रोनेमार्क त्या बिघाडापाशीच थांबला. शरीर परक्या वस्तूला बाहेर ढकलतं, निदान तिच्याभोवती पडदा उभा करतं, अशी तेव्हाची पक्की समजूत. इथं तर हाड धातूला थेट येऊन भिडलं होतं. यामागचं गुपित असं की टायटॅनियमला हवा लागताच त्यावर प्राणवायूशी संयोग होऊन एक अतिशय पातळ, न झिजणारा थर चढतो, आणि हाडाच्या पेशी त्या थराला परकं मानत नाहीत. नवं हाड त्याला चिकटून वाढतं.

पहिला रुग्ण आला १९६५ साली, गोथेनबर्गमध्ये. यूस्टा लार्सन त्याचं नाव. जन्मतःच हनुवटी-जबडा बिघडलेला, खालच्या जबड्यात दात नाहीत. खाणं अवघड, बोलणं अवघड. ब्रोनेमार्कनं त्याच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले, हाडाला ते धरू दिले आणि मग त्यावर दात चढवले. लार्सन २००६ साली वारला. चाळीस वर्षं तो त्याच खुंट्यांवर जेवला.

एवढं असूनही ब्रोनेमार्कवर त्याच्याच देशातले दंतवैद्य बरीच वर्षं विश्वास ठेवायला तयार नव्हते. हाडांचा माणूस आमच्या तोंडात काय करतोय, असा सूर. शेवटी १९८२ साली कॅनडात टोरांटोला परिषद भरली, तिथं त्यानं वर्षानुवर्षांच्या नोंदी पुढं ठेवल्या आणि जगाला पटलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडलं ते हेच : नोंदी. माणूस २०१४ साली वारला.

जाता जाता आणखी एक. टायटॅनियम ज्यातून मिळतं ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. माझी एक बदली रत्नागिरीला होती. संध्याकाळी त्या काळसर वाळूत बसून मी कादंबरीची टिपणं काढायचो आणि उठताना पॅंट झटकायचो. आपण काय झटकतो आहोत याची कल्पना नव्हती.

तर, २०२२च्या उन्हाळ्यात मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आमच्या मुलीपेक्षाही लहान, मला 'काका' म्हणणारी. मी पाकिटात पैसे घालून, आजच काय ते उरकू अशा बेतानं गेलेलो. तिनं आधी रक्ताची तपासणी करायला लावली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा निघाला ८.६. म्हणाली, "काका, आधी साखर खाली आणा, मग या. एवढ्या साखरेत हाड नीट धरणार नाही." गिऱ्हाइकाला परत पाठवणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. तीन महिने चाललो, भात कमी केला, आकडा ७.१ वर आणला, तेव्हा काम सुरू झालं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही ती असंच सांगते. शस्त्रक्रिया कितीही सफाईची असली तरी हाड धूम्रपानाला दाद देत नाही.

मग जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर दूर हवं. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होऊन बसतो. पडद्यावर तिनं मला माझी नस दाखवली. लाल रेघ आखलेली. बँकेतल्या मर्यादेसारखी, हिच्या खाली जायचं नाही.

प्रत्यक्ष काम निम्मा-पाऊण तासाचं. लोक विचारतात, दुखलं का? नाही. दाताला देतात तसंच इंजेक्शन. हाडाला स्वतःला भोक पाडल्याचं फारसं कळत नाही. आवाज मात्र कवटीभर घुमतो, वरच्या मजल्यावर सुतार काम करत असल्यासारखा. किडलेला दात कोरायचं यंत्र मिनिटाला लाखांनी फिरतं. हे हजाराच्या आसपास, सावकाश, आणि वर सतत खारट पाण्याची धार. कारण हाडाचं तापमान मिनिटभर ४७ अंशांच्या वर गेलं तर तिथलं हाड मरतं. मेलेलं हाड काही धरत नाही. मग सुमारे चार मिलिमीटर जाडीचा, दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू लहानशा पान्यानं कट्-कट् करत आत बसवतात. वर झाकण, हिरडीला टाके, आणि घरी.

त्यानंतर नुसती वाट पाहायची. तीन महिने. या काळात बाहेरून काही दिसत नाही. आत हाड स्क्रूभोवती आपलं काम करत असतं.

माझ्या दोनांतल्या एकाभोवती त्यानं केलं नाही. दहाव्या आठवड्यात मागचा स्क्रू हलतोय असं वाटलं. डॉक्टरनं पाहिलं, आणि बोटांच्या दोन फेऱ्यांत तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. "नाही धरला, काका." ना सबब, ना सारवासारव. शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास दहा वर्षांनंतरही टिकतात, असे आकडे मी वाचले होते. उरलेल्या पाचांत आपण असू हे कोण धरून चालतो? पुन्हा तीन महिने हाड भरायला, मग दुसरा, जरा जाड स्क्रू. तो धरला. म्हणून सांगतो, 'एका दिवसात नवे दात' अशा जाहिराती पाहून धावू नका. काही तोंडांत, हाड चांगलं असेल तर, ते होतंही. पण तुमचं तोंड त्यांतलं आहे की नाही हे जाहिरात छापणाऱ्याला ठाऊक नसतं.

हा मधला सहा-सात महिन्यांचा थांबा झाला नसता तर पुढचं कळलंच नसतं.

दवाखान्यात माझ्याबरोबर सौ. यायची. एका खेपेला, माझे टाके पाहून झाल्यावर, डॉक्टर सहज म्हणाली, "काकू, तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत?" ही हसली. हसताना नेहमीसारखा पदर तोंडाशी नेला. डॉक्टर म्हणाली, "या बसा, पैसे नाही घेत पाहायचे." ही "नको, नको" म्हणत खुर्चीत बसली. डॉक्टरनं दिवा वळवला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही.

पाच दाढा नव्हत्या. खाली दोन्ही बाजूंच्या, वर उजवीकडच्या दोन, त्यांतली एक सुळ्याच्या जवळची. डॉक्टरनं विचारलं, "जेवता कशा?" "जेवते की," ही म्हणाली. "भाकरी आमटीत भिजवून ठेवते थोडा वेळ. सवय झाली."

चाळीस वर्षं मी या बाईसमोर बसून जेवलो आहे. निरीक्षणाबद्दल माझ्या कादंबऱ्यांचं थोडंफार कौतुक झालेलं आहे. एका कादंबरीत तर नायिकेच्या, हसताना पदर ओठांशी नेण्याच्या ढबीवर मी अर्धं पान खर्ची घातलंय. ती ढब कुठून उचलली होती हे मला माहीत होतं. ती लाज नव्हे, सुळ्यामागची मोकळी जागा होती, हे माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी कपाटातून खर्चाच्या वह्या काढल्या. १९८३पासूनचा रोजचा खर्च मी लिहितो. बँकेतल्या माणसाचा रोग. रात्री एक वाजेपर्यंत पानं उलटली. सगळं होतं. माझ्याच अक्षरात.

जून १९९१ : सौ. दाढ काढणे, ४० रु. त्याच पानावर मुलाचं दप्तर आणि गणवेश. ऑक्टोबर १९९६ : सौ. दाढ काढणे, ८० रु. त्याच आठवड्यात दिवाळी अंक व पुस्तके, ३६० रु. २००१ : सौ. दाढा २ काढणे, ३०० रु. ते घराच्या कर्जाचं पहिलं वर्ष. २००८ : सौ. दाढ काढणे, ५०० रु. आणि मध्ये, २००३च्या मार्चमध्ये : स्वतः, रूट कॅनॉल व टोपी, ४,२०० रु.

तिच्या नावापुढं सगळीकडं 'काढणे'. रक्कम टोटलला बरोबर लागत होती, म्हणून माझी नजर तिथं कधी अडखळली नाही. सकाळी मी तिला विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "अहो, तुम्हीच तर पैसे दिलेत." यावर काय बोलणार?

एक मुदत ठेव मोडायचं मी त्याच दिवशी ठरवलं. बहुतेक आरोग्य विम्यांत दाताचा खर्च मिळत नाही, अपघात असेल तरच. माझ्या दोन दाढांचे सगळे मिळून ७८ हजार गेले होते. तिच्या पाचांचा हिशेब मी डोक्यात मांडून तयार होतो. पण स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाली, "काका, पैशांचा प्रश्न नाही." खालचं हाड झिजून नसेच्या इतकं जवळ आलं होतं की स्क्रूला उंचीच उरली नव्हती. वरच्या बाजूला, दाढा गेल्यावर गालाच्या हाडातली पोकळी खाली सरकली होती; ती उचलून हाडाची भुकटी भरता येते, पण ती मोठी शस्त्रक्रिया. शिवाय हाडं ठिसूळ झाली म्हणून ही तीन वर्षं आठवड्याला एक गोळी घेत होती. त्या जातीच्या औषधांवर असणाऱ्यांच्या जबड्याची जखम क्वचित भरून येत नाही. धोका फार नाही, पण आहे. दात काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांटपूर्वी अशी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते आपण होऊन सांगावं. ते हाडाचं औषध, दाताच्या डॉक्टरला काय सांगायचं, असं बहुतेकांना वाटतं. हिलाही वाटलं होतं.

"वीस वर्षांपूर्वी आला असतात तर सोपं होतं," डॉक्टर म्हणाली. ती कोणाला दोष देत नव्हती.

मी भुकटीचं, उंचावण्याचं पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी हीच म्हणाली, "माझ्या तोंडात पूड-बीड काही भरायची नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी शस्त्रक्रिया करून घेऊ का?" प्रश्न रोखठोक होता आणि उत्तर मला माहीत होतं.

मग तिला काढता-घालता येणारे दात केले. जुन्या गुलाबी कवळीसारखे नव्हेत. धातूची पातळ चौकट, शेजारच्या शाबूत दातांना बारीक आकड्यांनी अडकणारी. १४ हजार. इम्प्लांटच्या मानानं ही साधी गोष्ट. पण नीट मोजून केली, चार खेपा घालून टोचणारे कोपरे घासून घेतले, की चांगली चालते. इम्प्लांट परवडत नाही किंवा करता येत नाही म्हणून काहीच न करणारे पुष्कळ भेटतात. शेजारचे दोन दात मुळातच टोपी घालण्याजोगे असतील तर पूलही करता येतो. फक्त धडधाकट दात त्यासाठी घासू देऊ नयेत.

माझ्या दाढा बसल्या तेव्हा डॉक्टरनं दातांत निळा कागद धरून चावायला सांगितलं. कुठं उंच लागतंय ते डागावरून कळतं. व्हाउचरखालच्या कार्बनच्या कागदासारखा तो कागद पाहून मला उगीचच भरून आलं. नवी दाढ मजबूत आहे, पण एक फरक आहे. खरा दात हाडात बारीक तंतूंवर टांगलेला असतो, त्यामुळं त्याला किंचित लवचीकपणा असतो आणि दाताखाली केस आला तरी कळतं. रोपलेल्या दाढेला ते तंतू नाहीत. भातातला खडा तिच्याखाली फुटला तरी बातमी उशिरा पोचते. ती किडत नाही, हेही खरं. पण भोवतीची हिरडी सुजते, स्वच्छता नसेल तर हाडही जातं, म्हणून तिच्या बुडाशी रोज रात्री बारीक ब्रश फिरवावा लागतो. आणि स्क्रूच्या खोक्यावरचं, कंपनीचं नाव आणि क्रमांक असलेलं लेबल मी मागून घेतलं, वहीत चिकटवलं. दहा वर्षांनी काही बिघडलं तर दुसऱ्या डॉक्टरला नेमका कुठला पाना लागेल हे त्यावरून कळतं. तुम्हीही मागून घ्या. देत नसतील तर का देत नाहीत ते विचारा.

सौ.चे दात पहिले दोन महिने डबीतच असत. टोचत नाहीत, पण तोंडात कोणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, म्हणायची. मी गुरुजींची पुरचुंडी आठवून गप्प बसायचो. मग जेवणापुरते घालायला लागली. भाकरी भिजवणं कधी थांबलं ते या वेळी मी पाहून ठेवलं : गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिनं चार कणसं आणली, गॅसवर भाजली, तिखट-मीठ-लिंबू लावलं. एक मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि गॅलरीत उभं राहून, दाण्यांची एकेक ओळ दातांनी सोडवत सगळं संपवलं. मग दुसऱ्याला हात घातला. ते निम्म्यावर आल्यावर माझ्यापुढं सरकवलं.

"डावीकडून खा," म्हणाली.